पाठमोरी

त्या दिवशी मी मालेगावहून वाशीमला निघालो ते फक्त एक पेन ड्राइव्ह पोचवायला. सकाळची एसटी, जानेवारीचं कोवळं ऊन, खिडकीबाहेर तुरी सोंगून मोकळी झालेली वावरं आणि मधूनच हिरवागार हरभरा. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. भीती वाटावी असं त्यात काहीच नव्हतं. उलट मी खुशीत होतो. हे आधीच कबूल करतो, कारण आता त्या खुशीचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी नरेंद्र. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, निरोप समारंभ यांचं शूटिंग करतो. पण अडीच वर्षांपूर्वी मी स्वतःचा एक लघुपट केला होता. नाव ‘एका जागेवर’. चौदा मिनिटांचा. दोन-तीन शहरांत तो गाजला, एक स्मृतिचिन्ह मिळालं, ते मी स्टुडिओत गिऱ्हाइकाला बसल्या बसल्या दिसेल अशा उंचीवर ठेवलं. आणि आता वाशीममध्ये, आपल्याच जिल्ह्यात, पहिल्यांदा तो मोठ्या पडद्यावर दाखवणार होते.

महोत्सव अगदी छोटा. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या सरिता मॅडमनी चार मित्रमंडळींना धरून भरवलेला. पौष महिना, लग्नतिथी नाहीत, म्हणून अकोला नाक्याकडचं एक मंगल कार्यालय दोन दिवस मोकळं मिळालं होतं. खिडक्यांना काळ्या ताडपत्र्या ठोकल्या होत्या. बाहेर भर दुपार आणि आत पाऊल टाकलं की मिट्ट अंधार. त्या अंधाराला जुन्या लग्नांचा वास होता. वाळलेला झेंडू, हळद, कुठंतरी मुरलेला मसालेभात. साठ-सत्तर खुर्च्या, समोर पांढरा पडदा, मागं एका टेबलावर प्रोजेक्टर.

मॅडमनी पेन ड्राइव्ह घेतला आणि हातातल्या कागदावर बोट ठेवलं.

“जेवणानंतरच्या सत्रात सात फिल्म आहेत. तुमची शेवटची. तुम्ही फॉर्मात लिहिलंय ना, आजी अजून आसेगावला राहतात म्हणून? तेवढं वाचून दाखवते मी.”

मी म्हणालो, “हो.”

आजी जाऊन दीड वर्ष झालं होतं. मला माहीत होतं. त्यांच्या मुलानं, जगदेवनं मला फोन केला होता. मी उचलला नव्हता. मग त्याचा आवाज रेकॉर्ड होऊन आला, दोनच शब्दांचा... “माय गेली.” मी तो ऐकला आणि फोन उलटा करून ठेवला. मातीला गेलो नाही, तेराव्यालाही नाही. फॉर्म भरताना ‘आजही’ असं लिहिलं, कारण जिवंत बाईची गोष्ट लोकांना जास्त भिडते.

आता ते शूटिंगचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रंगूबाई आसेगावच्या. गावाला लागूनच त्यांचा भाजीचा तुकडा. मेथी, वांगी, कोथिंबीर. ऐंशीच्या घरात पोचल्या तरी टोपलं घेऊन बाजारात बसायच्या. ताठ बाई. कपाळावर गोंदण, नऊवारी लुगडं, बोलणं सरळ. मी त्यांना गळ घातली, आजी तुमच्यावर सिनेमा करतो. त्या हसल्या. “माया थोबाडाचा? कोन पाह्यते बाप्पा?” पण तयार झाल्या. चार दिवस मला रोज ताक दिलं.

शेवटच्या दिवशी मला एक लांब दृश्य हवं होतं. न तोडता, चार मिनिटांचं. अंगणातल्या खाटेवर आजी बसल्यात आणि रस्त्याकडे बघतायत, एवढंच. सकाळपासून तीनदा घेतलं. कधी गाडी आडवी गेली, कधी शेळी. चौथ्या वेळी सगळं जुळून आलं, उजेडही मनासारखा होता. दोन मिनिटं झाली असतील. आजी हळूच म्हणाल्या, “मले उठू दे बाप्पा...”

मी कॅमेऱ्यामागून कुजबुजलो, “दोनच मिनिटं आजी. हलू नका.”

त्या हलल्या नाहीत. कोणाचं काम बिघडवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि मग खाटेखालच्या सारवलेल्या भुईवर एक काळपट रेघ दिसू लागली. हळूहळू पुढं सरकली. आजींनी खाली पाहिलं. मग पदर ओढून तोंड झाकलं आणि तशाच बसल्या बसल्या भिंतीकडं वळल्या. पाठमोऱ्या.

मी कॅमेरा बंद केला नाही. उरलेलं दीड मिनिट पूर्ण घेतलं.

नंतर त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. “हे कोनाले दाखवजो नको रे... तुये पाय धरतो.”

“नाही दाखवत आजी. तुमची शप्पथ,” मी म्हणालो. आणि घरी येऊन ते दृश्य दहादा पाहिलं. चौदा मिनिटांत तेवढंच खरं होतं. मी ते ठेवलं. एका शहरातल्या परीक्षकानं त्याला निर्भीड म्हटलं. पुढं कोणीतरी तो तुकडा फोनवर उतरवून घेतला, तो फिरत फिरत आसेगावात पोचला. बाजारात पोरं आजींना बघून हसली, असं माझ्या कानावर आलं. त्यानंतर त्या बाजारात बसल्या नाहीत. मग अंगणातही येईनात. जेवण आत, झोपणं आत, तोंडावर पदर. हे सगळं मला माहीत होतं. जायचं होतं एकदा. पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात...

तर जेवणानंतर आम्ही आत बसलो. माझ्या डाव्या हाताला भागिरथाबाई नावाची एक पन्नाशीची बाई होती. तिची मुलगी सुचिता, कॉलेजात शिकणारी. तिनं कागद कापून केलेला लघुपट त्या सत्रात होता, म्हणून माय खास अनसिंगहून आली होती. अंगावर जाड शाल, मांडीवर डबा. तिनं मला विचारलं, “तुमचाही हाये का सिनेमा?” मी हो म्हटल्यावर कौतुकानं माझ्याकडं पाहिलं.

दिवे गेले.

पहिला लघुपट कारंज्याच्या पोरांचा. एका थांब्यावर न येणाऱ्या एसटीची वाट बघणारी माणसं. छान होता. थांब्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथं सावली संपते, तिथं एक म्हातारी जमिनीवर बसली होती. पाठमोरी. गोष्टीत तिचं काही काम नव्हतं. मला वाटलं, खरोखरच बसची वाट बघणारी कोणी असेल, पोरांनी तशीच राहू दिली.

दुसरा एका न्हाव्याच्या दुकानाचा. त्यात एकही संवाद नव्हता, फक्त कात्रीचा आवाज आणि आरशातले चेहरे. गिऱ्हाइकामागून गिऱ्हाईक. एका गिऱ्हाइकाचं डोकं खाली झुकलं आणि आरशात मागची भिंत दिसली. भिंतीपाशी, कापलेल्या केसांच्या ढिगाजवळ एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर, तोंड भिंतीकडं. न्हाव्याच्या दुकानात म्हातारी कशाला येईल? एवढंच मनात आलं.

तिसरा विनोदी होता. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा ॲडमिन कोणी व्हायचं, यावरून भांडणं. लोक खुर्च्यांवर उड्या मारून हसत होते. मी हसत नव्हतो. शेवटी पंगतीचं दृश्य आलं, सगळे समोरासमोर बसलेले, आणि एक जण पंगतीकडं पाठ करून. पुढ्यात पत्रावळ नाही. कॅमेरा तिच्या बाजूनं फिरू लागला तशी तिनं पदर आणखी पुढं ओढला. हात दिसला. मनगटावर गोंदलेले तीन ठिपके.

तो हात मी चार दिवस जवळून चित्रित केला होता. टोपल्यातली मेथी मोजताना, ताकाचा पेला पुढं करताना...

मी स्वतःला समजावलं, अंधारात डोळे फसतात. चौथा लघुपट केरळातल्या कुण्या माणसाचा होता, समुद्रावरच्या मासेमारांचा. तिथं तर काही प्रश्नच नव्हता. निळं पाणी, जाळी, उघडी अंगं, न कळणारी भाषा. मी श्वास सोडला. मग लाट मागं गेली, आणि दूर ओल्या वाळूत नऊवारी नेसलेली एक बाई समुद्राकडं तोंड करून बसलेली दिसली. एवढीशी. पाणी तिच्यापर्यंत येत होतं, तरी ती उठत नव्हती.

माझ्या कानाशी भागिरथाबाईचा आवाज आला.

“भाऊ... ते बाई काहून सारखी तोंड लपवून राह्यली?”

मी म्हणालो, “कोणती बाई?”

“तेच. पहिल्या सिनेमात होती ते. सगळ्यायनं एकच बाई घेतली का?”

म्हणजे तिलाही दिसत होती.

पाचवा सुचिताचा. कागदाचे काळवीट, कागदाचं माळरान, मागं एका दिव्याचा पिवळा उजेड. एकेक काळवीट झेप घ्यायचं आणि उजेडात विरून जायचं. फार सुंदर केलं होतं त्या पोरीनं. पण माळाच्या कडेला, गवताच्या पात्यांमध्ये कागदाची एक बाई होती. पाठमोरी. बाकी सगळं रंगवलेलं, हिला रंग नाही. कोरा कागद. आमच्या पुढच्या रांगेत बसलेली सुचिता मान वळवून आईकडं बघू लागली. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा पांढरा दिसत होता.

“आई... मी हे कापलंच नव्हतं.”

सहावा अनसिंगच्याच एका बौद्ध कुटुंबाचा. वडील रिटायर झालेले तलाठी, त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या पुस्तकांचं घरातच वाचनालय केलेलं. मुलीनं फोनवर चित्रित केलेलं, साधं आणि मायेचं. दोन खोल्या. चारी भिंतींना कपाटं, मध्ये मुलं वाचतायत. त्या घरात कोणाला पाठ करून बसायला जागाच नव्हती. मी डोळे फाडून शोधत होतो. आणि दिसली... दोन कपाटांच्या मधल्या सांदीत, गुडघे पोटाशी घेऊन, अंग चोरून, तोंड कोपऱ्यात खुपसून बसलेली.

तेव्हा मला कळलं. तोवर मी समजत होतो की ती माझ्यामागं लागलीये, हळूहळू माझ्याकडं येतेय. तसं नव्हतं. तिचा माझ्याशी काही संबंधच नव्हता. ती लपत होती. या सिनेमातून त्या सिनेमात, कॅमेरा पोचणार नाही अशी जागा शोधत होती, आणि तिला ती मिळत नव्हती.

आणि सातवा सिनेमा माझा होता.

मी उठलो, खुर्च्यांना ठेचकाळत मागं प्रोजेक्टरपाशी गेलो. सरिता मॅडम तिथंच उभ्या होत्या. “मॅडम, माझी फिल्म काढून टाका. आज नको...”

“अहो, असं कसं? लोक तुमच्यासाठी थांबलेत. अर्धा हॉल तुमच्या फिल्मसाठी आलाय.”

हे सांगायला जड जातंय. पण खरं सांगतो. इतकं सगळं बघून झाल्यावरही, ‘तुमच्यासाठी थांबलेत’ हे ऐकून मला बरं वाटलं. क्षणभरच. पण त्या क्षणात मी गप्प बसलो, आणि मॅडमनी माइकवर वाचायला सुरुवात केली... “आजही आसेगावात राहणाऱ्या रंगूबाईंची ही गोष्ट...”

टाळ्या वाजल्या. मी जागेवर येऊन बसलो.

सुरुवातीची दहा मिनिटं जशीच्या तशी. वांग्याचं वावर, टोपलं, बाजार. फक्त रंगूबाई नव्हत्या. वावरात वांगी आपोआप तोडली जात नव्हती काही, तसलं काही नाही. नुसती झाडं, वाऱ्यानं हलणारी. बाजारात टोपलं आणि त्यामागं मोकळी जागा. चुलीवर तवा, तव्याशेजारी कोणी नाही. लोकांना ते तसंच केलेलं वाटलं असावं. रिकाम्या घराचा सिनेमा लोक श्वास रोखून बघत होते.

मग ते दृश्य आलं. अंगण. खाट. रिकामी.

हॉलमध्ये इतकी शांतता झाली की प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येऊ लागला. पडद्यावर रिकामी खाट, दुपारचं ऊन, सारवलेली भुई. झेंडूचा, हळदीचा वास कुठच्या कुठं गेला होता. आता नाकात ओल्या शेणामातीचा वास भरला होता, नुकतं सारवल्यासारखा. आणि खाटेची सुंभं करकरली... कोणीतरी अवघडून बसल्यासारखी.

“मले उठू दे बाप्पा...”

हा आवाज सिनेमात नव्हता. मी तो काढून टाकला होता. स्वतःच्या हातानं.

खाटेखाली काळपट रेघ दिसली.

मी उठलो. कसा ते सांगता येणार नाही. रांगांच्या मधून गेलो आणि पडद्यापुढं उभा राहिलो, प्रोजेक्टरच्या झोतात, दोन्ही हात पसरून. मागून कोणी ओरडलं, “ए, बस ना बे खाली!” डोळ्यांत उजेड घुसला, समोर काही दिसेना. म्हणून मान खाली घातली. माझ्या पांढऱ्या शर्टवर ते अंगण पडलं होतं. छातीवर खाटेची चौकट. आणि पोटापासून खाली ती रेघ... हळूहळू सरकत... मांडीवर... गुडघ्यावर...

ती कोमट होती.

कोणीतरी दिवे लावले. शर्टवरचं अंगण गेलं. रेघ गेली नाही. साठ-सत्तर माणसांसमोर, उजेडात, माझी पँट ओली झाली होती आणि पायाखालच्या फरशीवर पाणी साचत होतं. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. दोन-तीन हात वर झाले. हातात फोन होते.

मी हललो नाही. हलताच येईना. पळून जावं असंही वाटलं नाही. एकच कळत होतं. अंगणात, खाटेवर, चार मिनिटं कसं वाटलं असेल...

तेवढ्यात भागिरथाबाई उठली. डबा खुर्चीवर ठेवून तरातरा पुढं आली. अंगावरची शाल काढून तिनं माझ्या कमरेभोवती गुंडाळली, लहान मुलाला टॉवेल गुंडाळतात तशी. आणि वळून अशी कडाडली की ताडपत्र्या हलल्या.

“फोन खाली करा रे! मानसाची लाज काय तमाशा हाये का? करा खाली!”

फोन खाली गेले.

एवढंच करायचं होतं मला त्या दिवशी. एक शाल. एक कॅमेरा खाली. अनोळखी बाईनं ते क्षणात केलं, आणि मी चार दिवस आजींचं ताक प्यालेला माणूस...

मी तिथंच, त्या शालीत उभा राहून सगळं सांगितलं. शप्पथ मोडल्याचं, बाजारातल्या हसण्याचं, आजी गेल्याचं, फॉर्मातल्या खोट्या शब्दाचं. सरिता मॅडमनी माइक टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं नाही. टाळ्या अर्थातच नव्हत्या. लोक एकेक करून बाहेर उन्हात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन आसेगावला गेलो. मोटारसायकल गावाबाहेरच लावली आणि चालत गेलो. जगदेव अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होता. मला बघून त्याचे हात थांबले, पण तो उठला नाही.

“दीड वर्सानं आले,” तो म्हणाला.

“माफी मागायला आलो जगदेवभाऊ.”

“माफी मायची माग. ते नाई आता. म्या कायची माफी देऊ?” मग त्यानं हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली. म्हणाला, “तुमचा सिनेमा म्या पाह्यला नाई. लोकायनं पाह्यला, सोयऱ्यायनं पाह्यला. म्या नाई. दाखवा आज. अन् मायासमोर पुसून टाका.”

त्याची बायको हेमला दारात येऊन उभी राहिली. तीच खाट अंगणात होती. तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि सिनेमा लावला.

रंगूबाई परत आल्या होत्या. वावरात, बाजारात, चुलीपुढं, आपापल्या जागी, जशा मी चित्रित केल्या होत्या तशाच. हेमलानं तोंडाला पदर लावला. जगदेव एकदा हसलासुद्धा, “पाह्य, मेथी कशी मोजते...” एवढंच म्हणाला. पुढं ते दृश्य आलं. आजी खाटेवर बसल्या आणि रस्त्याकडं बघू लागल्या. मी जगदेवकडं पाहिलं. त्याला कळलं. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर टाकला.

सिनेमा दुपट्ट्याखाली चालूच होता. चिमण्यांचा आवाज. लांबून जाणारी गाडी. आम्ही तिघंही त्या दुपट्ट्याकडं बघत उभे. मग आतून आवाज आला, थकलेला, अगदी जवळचा.

“झालं का बाप्पा?... उठू का मी आता?”

हेमला दाराला धरून खाली बसली. जगदेव खाटेपाशी वाकला आणि लहानपणी बोलला असेल तशा आवाजात म्हणाला, “ऊठ माय. कोनी नाई पाहून राह्यलं. ऊठ तू.”

खाट करकरली. लॅपटॉप जरासा कलंडला, वजन उठल्यावर सुंभं वर येतात तसा. बांगड्या वाजल्या. मग अनवाणी पावलं, सावकाश, भाजीच्या तुकड्याकडं गेली. आम्ही तिघांनी ऐकली. वळून कोणीच पाहिलं नाही. पाहायचं नाही, हे न बोलता ठरलं होतं.

मी सिनेमा पुसला. लॅपटॉपमधून, पेन ड्राइव्हमधून, जिथं जिथं पाठवला होता तिथून तिथून. फोनवर फिरलेला तुकडा मात्र परत घेता येत नाही, हे जगदेवलाही माहीत होतं, मलाही. तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला नाही. हेमलानं पाण्याचा तांब्या दिला, तेवढाच. ते बरोबरच होतं. मी गावाबाहेर मोटारसायकलपाशी पोचलो आणि तिथं उभा राहून रडलो.

पुढं मी मॅडमकडून ते सहाही लघुपट मागवून घेतले आणि दिवसा, स्टुडिओचं दार उघडं ठेवून पाहिले. कशातही कोणी बाई नव्हती. समुद्राची वाळू रिकामी. कपाटांच्या सांदीत फक्त एक केरसुणी. सुचिताच्या माळावर नुसतं गवत.

मला वाटलं, संपलं.

पोट भरायचं तर कॅमेरा सोडता येत नाही. पौष संपला, लग्नं सुरू झाली. फेब्रुवारीत मेडशीकडचं एक लग्न केलं. शूटिंग करताना सगळं ठीक होतं. रात्री संगणकावर जोडायला बसलो, तर नवरीच्या मागं, गर्दीत, एक बाई मांडवाकडं पाठ करून उभी होती. गुलाबी साडी, अंगानं तरणी. मी नवरीच्या भावाला फोन करून विचारलं. त्यांच्याकडं गुलाबी साडीतली अशी कोणीच नव्हती. पुढच्या लग्नात दोघी. त्यांतली एक शाळेच्या गणवेशातली मुलगी, वेण्या घातलेली. त्यानंतरच्या लग्नात एक म्हातारा माणूस, उघड्या अंगाचा, तोंडावर दोन्ही हात.

बारा वर्षं मी कॅमेरा चालवतोय. किती जणांना न विचारता टिपलं, रडताना, पडताना, नको नको म्हणताना... आता आठवायला बसलो तर आठवत नाहीत. चेहरे दिसले तर ओळखेन कदाचित. पण ते वळत नाहीत.

मागच्या रविवारी वाशीमजवळच्या एका लग्नात अख्खी एक रांग होती. अकरा जण. सगळे पाठमोरे. मी थांबवून थांबवून, मोठं करून करून एकेक पाठ पाहिली.

रंगूबाई त्यांत नव्हत्या. आणि शेवटून दुसरा जो होता, त्याची मान किंचित वळायला लागली होती.